पूजेचा रॉड

बोअरवेलच्या गाडीवर मला सव्वीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, बोअर मारायची म्हणजे जमिनीशी भांडण. जमिनीचं काही नसतं. ती बिचारी गप्प पडून असते. आमचं खरं भांडण असतं हळदीकुंकवाशी.

आमच्या गाडीचे रॉड वीस फुटी. प्रत्येकाच्या एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला आतून. एकात एक पिळून बसवले की लांबच लांब काठी होते. सगळ्यात खाली हॅमर, तो दगड फोडतो. खोल जाल तसा वरून एकेक रॉड वाढवायचा, आणि काम झालं की एकेक पिळून सोडवायचा. म्हणजे सगळा कारभार त्या आट्यांवर. आट्यांत चिमूटभर कच गेली की लोखंड लोखंडाला ओरबाडतं. मग आटे झिजतात, रॉड सैल होतो, आणि एक दिवस तीनशे फुटांवर तो आपल्या खालच्या भावंडांचा हात सोडून देतो. खाली राहिलेले रॉड काढायला गेलो, तर निघाले तर निघाले. नाहीतर तिथेच त्यांची समाधी.

हे होऊ नये म्हणून मी गाडीवर असतो. माझं नाव देऊ, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. गाडी चालवणं, लिव्हर ओढणं हे नाथाचं काम. माझं काम रॉडची निगा. प्रत्येक रॉडचे आटे तारेच्या ब्रशने घासायचे, डिझेलने धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे, बोटभर ग्रीस लावायचं आणि वर टोपी घालायची. शिवाय रॉड धरून ठेवायला गाडीला लोखंडी जबडा आहे. त्याच्या दाढांत दगडाच्या पिठाचा चिखल भरला, की पकड सुटते आणि घसरणारा रॉड सोलून निघतो. म्हणून त्या दाढाही रोज घासायच्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

माझी बायको जिजा एकदा गाडीवर डबा द्यायला आली होती. मला जबड्यापुढे बसलेला बघून म्हणाली, "घरी दात घासाया येल नाय याला, नि हितं लोखंडाचं घासतोय. तरीच तुझं चार उरलं."

चार नाहीत, पाच आहेत. पण ते जाऊ द्या.

रॉडांना मी नावं दिली आहेत. आधी नुसते आकडे होते, पण आकड्याची माया लागत नाही. चार वर्षांपूर्वी, उतारवयात अंकलिपी नवीन नवीन वाचायला लागलो तेव्हा पांढऱ्या रंगाने प्रत्येक रॉडवर एकेक अक्षर काढलं. क कमळ, ख खटारा, ग गवत, असं करत ब बदकापर्यंत एकवीस रॉड झाले. नाव असलं की हिशेब सोपा जातो. सगळ्यात वरच्या रॉडवर खालच्या सगळ्यांचा भार येतो, तोच आधी झिजतो. म्हणून आज जो वर, तो उद्या खाली. आज कमळ वर असेल तर उद्या पतंग. हे सगळं माझ्या वहीत असतं. त्यामुळे आमच्या गाडीजवळ उभं राहिलात तर असंच ऐकू येईल: "नाथा, टरबूज सोड! बदक उचल! झबलं अजून ओलं आहे, थांब!" पहिल्यांदा ऐकणारी माणसं जरा लांब सरकतात.

आता हळदीकुंकू.

बोअर सुरू करण्याआधी घरमालक पूजा करतो. केलीच पाहिजे, आम्हालाही बरं वाटतं. पण माणूस पूजा कुठे करतो? जिथे गोल तोंड दिसेल तिथे. रॉडच्या तोंडात अक्षता घालतो, आट्यांना हळदकुंकू फासतो, वरून फूल ठेवतो. तांदळाचा दाणा आट्यात सापडला म्हणजे काय होतं, ते मला विचारा. गेल्या पावसाळ्याआधी अंबरनाथला एका बंगलेवाल्याने तर माझी पाठ वळताच आख्खी वाटी पंचामृत रॉडच्या तोंडात ओतलं. दही, दूध, तूप, मध, साखर. खाली दगड फुटताना रॉड तापतो. त्या उष्णतेने पंचामृताची जी चिक्की झाली, ती सोडवायला आम्हाला सहा तास लागले. नाथाने घण घालून घालून छत्री आणि जहाज यांचे आटे चेपले. आणि ढग, म्हणजे बारावा रॉड, तो तर पार कामातून गेला.

आमचा मालक विक्रांत, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतो. त्याचे वडील शरदचंद्रशेट मला अरे-तुरे करायचे, हा काका म्हणतो. पण त्या दिवशी तो काका म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हता. मोबाईलवर त्याने मला एका नव्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. त्या गाडीला लोखंडी हात होता. हात स्वतः रॉड उचलतो, स्वतः पिळतो, स्वतः ग्रीस लावतो.

"बघितलंत काका? याला चहा लागत नाही, विडी लागत नाही. सरळ सांगतो. यापुढे एक जरी रॉड जाम झाला किंवा खाली राहिला, तर मी ही हातवाली गाडी घेणार. मग तुम्ही घरी. आणि तो ढग भंगारात घाला."

"घालतो, विक्रांतशेट," मी म्हणालो.

घातला नाही. इथूनच माझ्या मूर्खपणाची सुरुवात.

घरी जाताना डोक्यात विचार आला की, लोकांना पूजेला रॉड हवाच असतो, तर त्यांना रॉडच द्यावा. कॅम्प एकमधल्या ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडून चंदेरी रंगाचा डबा आणला. "साईं, मंदिर रंगवतोस का?" तो म्हणाला. म्हटलं, तसंच काहीसं. ढगाला दोन हात दिले. ढ अक्षर रंगाखाली गेलं. गळ्यात लाल गोंडा बांधला. इतका देखणा झाला की नाथा म्हणाला, "काका, याला मुलगी बघू या."

तेव्हापासून कुठेही गेलो की मी ढगाला आडवा करून त्याचं डोकं पाटावर टेकवायचो आणि सांगायचो, "हा आमचा राजा. याची पूजा करा." लोक खूश. कुंकू, अक्षता, पंचामृत, काय हवं ते ढगाच्या तोंडात. बाकीचे वीस रॉड टोप्या घालून गप्प. कोणी विचारलं, हा राजा खाली कधी जाणार, तर माझं उत्तर ठरलेलं होतं: "राजा सगळ्यात शेवटी जातो. आधी फौज, मग राजा." वीस रॉड म्हणजे चारशे फूट. आमच्या बोअरी अडीचशे-तीनशेला आटोपतात. राजाची पाळी येणारच नव्हती. अकरा महिने आली नाही, आणि ताडपत्रीखालचा राजा कामावर न फिरकणाऱ्या विक्रांतलाही दिसला नाही. ढग सोडून एकाही रॉडच्या आट्याला कुंकवाचा कण लागला नाही.

मग मे महिन्यात बदलापूरला बेलवलीचं काम आलं.

मधुमालती सोसायटी, चार मजल्यांच्या दोन इमारती. विहीर आटलेली, टँकरचे फेरे सुरू. सोसायटीचे चेअरमन गुरुदत्त साहेब. अंबरनाथच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं माल तपासण्याच्या खात्यात अधिकारी होते, आठ वर्षांपूर्वी निवृत्त. काही माणसं निवृत्त होतात तरी त्यांचे डोळे होत नाहीत. सकाळी सातला ते खुर्ची, वही आणि लाल पेन्सिल घेऊन गाडीजवळ बसले.

"रॉड किती?"

"एकवीस, साहेब." एकविसावा राजा धरून सांगितलं. तेवढं सांगून मोकळा झालो.

"नंबर काय काय आहेत?"

"नंबर नाहीत साहेब, नावं आहेत. हा फणस. तो दरवाजा. हे झबलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि वहीत लिहिलं, 'झबलं'. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुहासिनीताई पूजेचं ताट घेऊन आल्या. मी राजाला पुढे केला. ताईंनी अशी पूजा केली की काय सांगू. ओवाळलं, गजरा बांधला, पेढा ठेवला, आणि पंचामृताचा आख्खा तांब्या त्याच्या डोक्यावर ओतला. मी मनात म्हटलं, घे बाबा ढगा, तूच घे.

"हा पहिला जाणार ना?" ताईंनी विचारलं.

"राजा शेवटी, ताई. आधी फौज."

"बघा," ताई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लोखंडालाही मान कसा द्यायचा हे या माणसांना कळतं. तुम्ही मिक्सरच्या झाकणावर पाय ठेवून बल्ब बदलता."

काम सुरू झालं. शंभर फूट, नुसतं दगडाचं पीठ. दोनशे, तेच. तीनशेला जराशी ओल वाटली आणि गेली. सोसायटीची माणसं गॅलरीत उभी, नाका-तोंडाला रुमाल. साहेब प्रत्येक रॉड उतरला की वहीत खूण करायचे. साडेतीनशेनंतर मी उरलेले रॉड मोजायला लागलो. पाणी लागावं म्हणून मी त्या दिवशी जेवढे देव आठवले, तेवढे वर्षभरात आठवत नाही. ग्रीस लावताना प्रत्येक रॉडला सांगत होतो, बाबा थवा, तू तरी लाग. बाबा नळ, तुझं तर नावच नळ आहे.

नळ गेला, कोरडा. पतंग गेला. फणस गेला. शेवटचा बदक गेला. चारशे फूट, आणि भोकातून फुर्रकन पांढरं पीठ उडालं.

नाथाने हवा मारणारा कॉम्प्रेसर बंद केला. कानांत एकदम शांतता झाली.

"संपलं, साहेब," मी म्हणालो. "खडक कोरडा आहे. देवाची मर्जी."

"संपलं कसं?" गुरुदत्त साहेब वहीवर पेन्सिल आपटत उठले. "वीस उतरले. यादीत एकवीस आहेत."

आणि वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, राजा राहिलाय!"

बघता बघता सगळी सोसायटी खाली उतरली. राजा राहिला म्हणून पाणी आलं नाही, हे सगळ्यांना एकदम पटलं. कोणी म्हणालं, तरीच! कोणी म्हणालं, फौजेला पाणी कसं देईल धरणी, राजाला देईल. सुहासिनीताई घरात जाऊन घंटा घेऊन आल्या.

नाथा लिव्हरजवळ उभा राहून माझ्याकडे बघत होता. ढगाची खरी गोष्ट त्याला ठाऊक होती. हळूच म्हणाला, "काय काका, राज्याभिषेक तर झाला. आता वनवासाला पाठवू का?"

"गप रे."

माझी गत काय झाली असेल बघा. ढगाचे आटे असे झिजलेले, की तो दुसऱ्या रॉडवर ठेवला तर पिळायला लागत नाही, टोपीसारखा बसतो. आणि बसणार कुठे? सगळ्यात वर. खाली कमळापासून बदकापर्यंत माझी वीस पोरं आणि हॅमर, सगळ्यांचा भार त्या एका ढगावर. नाथाने दोन फूट जरी उचललं असतं, तरी खाली काय राहिलं असतं ते सांगायला नको.

म्हणून मी वेळ काढायला लागलो. म्हणालो, राजाचे पाय आधी डिझेलने धुवावे लागतात. धुतले. म्हणालो, जबड्याच्या दाढा घासायच्या राहिल्या. घासल्या. सकाळी घासलेल्याच होत्या, पण परत, एकेक, सावकाश. म्हणालो, आता राहूकाळ असेल. ताईंनी मोबाईलमध्ये बघितलं.

"राहूकाळ मघाशीच संपला, देऊभाऊ. आत्ता तर अमृतवेळ आहे."

"मग थोडा चहा..."

चहा आला. तोही संपला. तोवर गुरुदत्त साहेबांनी विक्रांतला फोन लावला होता. "तुमचा माणूस राजा उतरवत नाही," एवढंच मला ऐकू आलं. पलीकडून विक्रांत बहुतेक "कोण राजा?" असं विचारत असावा, कारण साहेब म्हणाले, "तुम्ही या तर."

अर्ध्या तासात विक्रांत बाईकवर आला. त्याने आधी भोक बघितलं, मग गर्दी बघितली, मग गजरा घातलेला, तोंडात पेढा धरलेला, पंचामृताने चिकट झालेला रॉड बघितला. मुंग्या लागल्या होत्या.

"काका, खाली किती?"

"वीस."

"आपल्याकडे रॉडच वीस आहेत. मग हा कोण?"

मी वहीत बघितल्यासारखं केलं.

"अहो, तो राजा!" सुहासिनीताई म्हणाल्या. "शेवटी जाणारा. तुमची गाडी आणि तुम्हालाच ठाऊक नाही?"

गिऱ्हाईकापुढे आपल्याला आपलीच गाडी ठाऊक नाही असं कोण म्हणेल? विक्रांत हसला. "हां हां, राजा! वडिलांच्या वेळचा असेल. नवीनच दिसतोय. मग लावा की काका, वाट कसली बघताय? लोक थांबलेत. नाथा, उचल."

नाथाने तार सोडली. आकडा खाली आला आणि राजाच्या मानेत बसला. ताईंनी घंटा वाजवायला सुरुवात केली. राजा गोंड्यासकट, गजऱ्यासकट हळूहळू वर गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो बदकाच्या डोक्यावर येऊन लोंबकळायला लागला. माझ्या हातात ग्रीसचा डबा.

खरं बोललो तर मी लबाड, म्हणजे घरी. गप्प बसलो तर रॉड खाली, म्हणजेही घरी. दोन्हीकडून घर तेच. मग म्हटलं, घरीच जायचं आहे तर पोरांना तरी वर आणून जावं. मी ग्रीसचा डबा खाली ठेवला आणि बदकाच्या डोक्यावर तळहात ठेवला.

"लावू नका," मी म्हणालो. "तो ढग आहे."

घंटा थांबली. दोन-चार माणसांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं.

"काय आहे?" साहेब म्हणाले.

"ढग, साहेब. बारावा रॉड. वर्षापूर्वीच बाद झालाय. विक्रांतशेटनी भंगारात घालायला सांगितला होता, मी घातला नाही. वरून रंग दिला. राजा-बिजा काही नाही. तुम्ही लोक चांगल्या रॉडच्या आट्यांत तांदूळ घालता, म्हणून तुमच्यासाठी वेगळा ठेवलाय."

विक्रांतचं तोंड लाल झालं. सुहासिनीताईंच्या हातात घंटा तशीच तिरकी.

"म्हणजे मी तांब्याभर पंचामृत," त्या सावकाश म्हणाल्या, "भंगारावर ओतलं?"

"पण भक्तीने ओतलंत, ताई," नाथाने मध्येच घातलं.

"तू गप रे मेल्या!"

आता विक्रांत बोलणार, एवढ्यात गुरुदत्त साहेब पुढे झाले. त्यांच्या डोळ्यांत मला एक चमक दिसली. राग नव्हता. भुकेल्या माणसाला भजीचा वास आल्यावर दिसते तशी होती.

"बाद कशावरून? झीज किती आहे?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं. "एवढी, साहेब."

"नखाने मोजता? थांबा. कोणी काही हलवायचं नाही!"

साठी उलटलेला माणूस तीन जिने धावत चढला आणि धावत उतरला. हातात मखमली डबी. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेली मोजपट्टी, दोन जबड्यांची, स्टीलची. आठ वर्षं डबीत पडून होती. ताई म्हणाल्या, "अगं बाई, ती काढली? मी एकदा चपातीची जाडी मोजायला मागितली तर दिली नाही."

नाथाने राजाला खाली आडवा घेतला. साहेबांनी मुंग्या झटकल्या, पेढा काढला, रुमालाने आटे पुसले आणि मोजलं. परत मोजलं. मग लाल पेन्सिल काढून, गोंड्याच्या बरोबर खाली, चंदेरी रंगावर ठसठशीत लिहिलं: नामंजूर. खाली सही, तारीख.

"अहो! पूजा झालेल्याला नापास करता?" ताई ओरडल्या.

"पूजा वेगळी, माप वेगळं," साहेब म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी एवढं खूश होऊन काही नापास केलं नसावं. मग विक्रांतकडे वळले. "हा वर लावला असता तर सगळं खाली गेलं असतं. तुम्ही तर लावा म्हणालात."

विक्रांतने बाईकची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"आता बाकीचे वीस वर काढा. सगळे मोजणार. एक सडका निघाला, म्हणजे आणखी असतील."

रॉड तसेही काढायचेच होते. नाथाने इंजिन चालू केलं. एकेक रॉड वर येई, जबडा खालच्याला धरी, मी वरच्याला हलकेच पिळून सोडवायचो. एकही अडला नाही. घण गाडीत तसाच पडून राहिला.

"बदक!" नाथा ओरडायचा.

साहेब मोजायचे, लिहायचे. "बदक, मंजूर."

"फणस!"

"फणस, मंजूर."

सोसायटीचं पाणी गेलं ते गेलं, पण करमणूक झाली. माणसं पोरांना घेऊन परत गॅलरीत बसली. टरबूज वर आलं तेव्हा टाळ्या पडल्या. झबलं आलं तेव्हा वरून कोणीतरी म्हणालं, "वाळत घाला!" छत्री आणि जहाज यांच्यावर साहेब बराच वेळ रेंगाळले. घणाचे ठोके त्यांना दिसले. शेवटी लिहिलं, 'मंजूर, लक्ष ठेवावे.' दुपारी अडीचला कमळ वर आलं. वीसपैकी वीस.

साहेबांनी डबी बंद केली. "हे रॉड किती दिवसांचे?"

"चार वर्षांचे," विक्रांत म्हणाला.

"झीज वर्षभराचीसुद्धा नाही." मग त्यांची नजर माझ्या ब्रशवर गेली. "दाढा दिवसातून किती वेळा घासता?"

"दोनदा. आज तीनदा झाल्या."

"माझे डॉक्टरही एवढंच सांगतात," साहेब पुटपुटले.

सामान आवरायला घेतलं. निघण्याआधी रिवाज म्हणून मी भोकात दोरीला दगड बांधून सोडतो, खोली बघायला. सोडला. सव्वाशे फुटांवर दोरी हाताला जरा वेगळी लागली. वर ओढली, तर खालची दोरी आणि दगड टपटप गळत होते.

मला यातलं थोडं कळतं. दगडाच्या पिठाने कपारी बुजतात. वारा मारत राहिलं की पाणी मागे हटतं. भोक दोन-तीन तास निवांत सोडलं, की कपार उघडून पाणी सावकाश उतरतं. तीनशेला ओल लागली होती, ती हीच. मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं, पण ऐकायला कोणी नव्हतं. सगळे नाचत होते. सुहासिनीताईंनी दगड हातात घेऊन गालाला लावला.

"बघितलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "राजा खाली गेला नाही, तर पाणी वर आलं. त्याला भेटायला!"

"त्याचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. तो नामंजूर आहे."

"तुमच्या वहीत असेल."

मग त्या राजा परत देईनातच. फाटकाजवळ खड्डा खणून, डोक्याकडचा सहा-सात फुटांचा तुकडा कापून चार माणसांनी तो तिथे उभा केला. अजून आहे. बेलवलीत गेलात तर बघा. रोज सकाळी ताई हार घालतात, तो बरोबर 'नामंजूर'वर येतो. संध्याकाळी साहेब फिरायला निघाले की हार बोटभर वर सरकवतात. दुसऱ्या सकाळी तो परत खाली आलेला असतो.

गाडी कॅम्प पाचला लागली. विक्रांत बाईकवरून मागोमाग आला. उतरताना म्हणाला, "काका, उद्या गाडीवर येऊ नका. घरी थांबा."

मी घरी आलो. जिजाला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता येल आहे, तर आपलं पाच दात तरी घास."

पाच म्हणाली. म्हणजे वाईट तिलाही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाड्यावर टेम्पो आला. विक्रांत पुढे बसलेला, मागे एक वीस फुटी रॉड आडवा, भंगारातून आणलेला. आटे माझ्या पाठीपेक्षा वाईट.

"रंग आहे का शिल्लक?" विक्रांतने विचारलं. "गाडीवर रंगवला तर गिऱ्हाईक बघतं. म्हणून म्हटलं, घरीच थांबा."

मी रंगाचा डबा बाहेर काढला. "आणि ती हातवाली गाडी?"

"त्यांचा माणूस आला होता सकाळी. मी त्याला विचारलं, रॉडच्या आट्यांत कोणी अक्षता टाकल्या, तर तुमचा हात काय करतो? म्हणाला, असं कोण करतं? म्हटलं, जा बाबा, तू अजून उल्हास नदी ओलांडली नाहीस." मग जरा थांबून म्हणाला, "पण काका, एक अट. यापुढे राजा नाही, फौज नाही. लोकांना सरळ खरं सांगायचं. हा रॉड फक्त पूजेचा, हा खाली जात नाही."

"लोक ऐकतील का?"

"ते तुम्ही बघा."

चंदेरी रंगाचे दोन हात दिले. या वेळी अक्षर रंगाखाली ठेवलं नाही, वरून काळ्याने मोठं काढलं. ब बदकानंतर भ येतो. भ भटजीचा.

पहिली पूजा वांगणीजवळ झाली. घरच्या आजीबाई गंगू, कमरेत वाकलेल्या. त्यांनी अक्षता टाकल्या, कुंकू लावलं आणि मला विचारलं, "आता ह्यो जानार ना खाली?"

मी ग्रीसचा डबा खाली ठेवला. पण अट ती अट. म्हणालो, "नाही आजी. हा भटजी आहे. हा फक्त पूजेचा. हा खाली जात नाही."

आजीने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी खुळा आहे.

"ता काय सांगाया पायजे? भटजी कंदी हिरीत उतरलाय का रं?"